आधी छाप, मग कुंचला

लिनोच्या, म्हणजे लिनोलियमच्या कोरलेल्या ठशावरून काढलेल्या, काळ्या प्रिंटमध्ये जलरंग भरायला घेतले की पहिली प्रिंट हमखास मुलांच्या रंगवहीसारखी दिसते. माझीही तशीच दिसली होती. खुंटीवर टांगलेला एक रेनकोट कोरला होता. कडा, घड्या, बटणं, खिशाची शिवण, सगळं काळ्या रेषेत पुरतं बंदिस्त. मग रेषांच्या आत पिवळा भरला, कुठेही बाहेर जाऊ न देता, जीभ दातांत धरून. झालं काय, तर छापाला रंगाची गरजच नव्हती आणि रंगाला करायला काही काम उरलं नव्हतं.

तोच रेनकोट मी त्यानंतर चार वेळा कोरला. खाली सांगतेय ती पद्धत त्या चार ब्लॉकांत, म्हणजे कोरलेल्या ठशांत, हळूहळू जमत गेली. प्रेस नसेल तरी अडत नाही. कागदाची पाठ घासून छाप उठवायला मोठा, गोल पाठीचा चमचा पुरतो.

ब्लॉक अर्धा सोडा

चूक कुंचल्याच्या वेळी होत नाही, कोरताना होते. युरोपात पंधराव्या शतकात लाकडी ठशांवरून संतांची चित्रं आणि पत्ते छापत, तेव्हा त्यांत नुसत्या मोकळ्या बाह्यरेषा असत, कारण पुढे हाताने रंग भरायचेच असत. मग जर्मन चित्रकार ड्यूररने 1498 च्या ‘अपोकॅलिप्स’ मालिकेत उजेड, सावली, धूर, ढग, सगळं काळ्या रेषांच्या जाळीतच उभं केलं. अशा चित्रावर रंग चढवला तर चित्र बिघडेल, असं त्याच काळातल्या इरॅस्मस या विद्वानाने पुढे 1528 मध्ये लिहिलंय. माझा पहिला रेनकोट ड्यूररच्या वाटेने गेला होता, फक्त ड्यूररचा हात नव्हता.

म्हणून आता लिनोवर चित्र उतरवायच्या आधी मी ट्रेसिंगवर दोन रंगांच्या पेन्सिली वापरते. छाप जे बोलणार ते लाल, कुंचला जे बोलणार ते निळं. एका कडेवर दोन्ही रंग आले तर एक खोडायचा. कडेचा मालक एकच. रेनकोटाच्या बाबतीत लालमध्ये उरलं ते एवढंच: खुंटी, कॉलरच्या आतला काळोख, डाव्या बाहीची सावलीची बाजू आणि खालच्या काठाची तुटक रेघ. उजवी बाजू मी कोरलीच नाही. तिथे पिवळा वॉश, म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा हात, जिथे थांबेल तिथे रेनकोट संपेल.

ब्लॉकवरची प्रिंट एकटी पाहिली तर अपुरी वाटली पाहिजे. कोणी विचारलं पाहिजे की हे काय आहे. पहिल्या प्रूफमध्येच, म्हणजे चाचणीच्या छापातच, ‘वा, रेनकोट!’ असं कोणी म्हणालं तर मी थोडं आणखी कोरून काढते.

दोन छोट्या गोष्टी, ज्यांच्यावर जास्त बोलायला नको. लिनो थंड असेल तर ठिसूळ होतो, कोरण्याआधी थोडा वेळ उन्हात ठेवा, लोण्यासारखा कापला जातो. आणि चित्र उलटं छापलं जातं. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी बटणं भलत्या बाजूला येतात.

कागदाचं दुखणं

इथे दोन कलांचं खरं भांडण आहे. छापायच्या कागदात साइझिंग, म्हणजे पाणी चटकन शोषू न देणारी खळ, सहसा कमी असतं, म्हणजे तो मऊ असतो आणि शाई चटकन घेतो. जलरंगाच्या कागदात साइझिंग भरपूर, म्हणून रंग वर थोडा वेळ तरंगतो, हलवता येतो, उचलता येतो. छापाच्या कागदावर वॉश दिला की टीपकागदावर सांडल्यासारखा जागच्या जागी शोषला जातो आणि कडा केसाळ होते.

विकत घेतलेला कागद कोणत्या जातीचा आहे हे कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून कळतं. मिनिटभर थेंब फुगीर राहिला तर रंगकामाला चालेल. लगेच गडद डाग झाला तर नाही.

मी 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम भरणारा), कापसाचा, हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाचा जलरंगाचा कागद वापरते. खडबडीत कागद नको, त्याच्या खड्ड्यांत लिनो पोहोचत नाही आणि काळ्या जागेत पांढरी पुटकुळी उठते. एवढा जाड कागद चमच्याने कोरडा छापला जाणं कठीण, म्हणून ताव दहा मिनिटं पाण्यात बुडवायचा आणि दोन स्वच्छ टॉवेलांत दाबायचा. वर पाण्याची चकाकी दिसत नाही पण गालाला लावला तर गार लागतो, तो क्षण बरोबर. अशा ओलसर कागदाचे तंतू मऊ पडतात आणि निम्म्या जोरात छाप उठतो.

पातळ जपानी कोझो कागदावर छापायची हौस असेल तर छापणं फारच सोपं, रंगवणं अवघड. त्याला आधी जिलेटिन पाजावं लागतं: लिटरभर पाण्यात साधारण 20 ग्रॅम, आधी गार पाण्यात फुगवून मग गरम करून विरघळवायचं. उकळू द्यायचं नाही, पकड जाते. रुंद मऊ ब्रशने एक हात, टांगून सुकवा, बस.

शाई, आणि आठ प्रिंटांचं वाटोळं

शाई तेलाचीच घ्या. पाण्याची शाई सुकते झटपट, पण तिच्यावर ओला कुंचला फिरला की बहुतेक शाया पुन्हा सुटतात आणि पिवळ्यात काळं उतरतं. हाताला तेल आणि टर्पेंटाइन नको असेल तर साबणपाण्याने धुतल्या जाणाऱ्या तेलशाया मिळतात. ओल्या असताना पाण्याने निघतात, पूर्ण सुकल्यावर हलत नाहीत.

‘पूर्ण सुकल्यावर’ या दोन शब्दांनी माझ्या आठ प्रिंटा खाल्ल्यात. तेलशाई पाण्यासारखी उडून सुकत नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. पंखा लावून फार फरक पडत नाही, दमट हवेत तर आणखी दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी मी बोट लावून पाहिलं, कोरडं वाटलं, आणि आठही प्रिंटांवर एका बैठकीत लिंबू पिवळा फिरवला. वरची साय सुकली होती, खाली शाई ओली होती. कुंचल्याच्या टोकाने साय फाटली आणि आठ रेनकोट चिखलात लोळून आल्यासारखे झाले.

तेव्हापासून बोटावर भरवसा नाही. पांढऱ्या कागदाची पट्टी सर्वांत काळ्या जागेवर ठेवून नखाच्या पाठीने जोरात घासायची. पट्टीवर राखाडी सावलीसुद्धा आली तर आणखी दोन दिवस. पातळ थराला माझ्याकडे आठवडा लागतो, जाड भरीव काळ्याला दोन. कोबाल्ट ड्रायरचा एखादा थेंब शाईत मिसळला तर वेळ कमी होतो, मात्र तो विषारी आहे, हातमोजे घाला.

म्हणून थर मुळातच पातळ हवा. ते डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळतं. काचेवर शाई जास्त असेल तर रोलर चिकटपट्टी ओढल्यासारखा चरचरतो आणि शाईवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसतात. बरोबर असेल तर नुसती बारीक सळसळ. ब्लॉकवर एकदम भरपूर शाई लावण्यापेक्षा पाच-सहा पातळ फेऱ्या द्या, दर फेरीला दिशा बदलून.

छापताना कागदाच्या पाठीवर एक गुळगुळीत पातळ कागद ठेवा, म्हणजे चमच्याने ओलसर ताव सोलणार नाही. मधून सुरू करून लहान गोल घेत कडेकडे जा. एक कोपरा हाताने दाबून ठेवून दुसरा उचलून बघा, फिकट असेल तर परत खाली सोडा. घाई करण्यासारखं इथे काही नाही.

आता पाणी

सुकलेली प्रिंट पाटावर चारही बाजूंनी कागदी गमटेपने ताणून घ्या, नाहीतर पहिल्याच वॉशला लाटा येतील. मोठा मऊ कुंचला भरून घ्या. बारीक कुंचला मी या टप्प्यावर दुसऱ्या खोलीत ठेवते, कारण तो हातात आला की रेषांच्या आत रंग भरण्याची सवय परत येते.

वॉश रेषेला जुमानत नाही अशा थाटात सोडायचा. डावीकडच्या काळ्या बाहीवरून पिवळा सरळ पुढे न्या. इथे जे घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. काळ्या शाईतलं तेल पाणी घेत नाही. वॉश तिथे पोहोचतो, क्षणभर पडद्यासारखा ताणला जातो, मग मधोमध फाटतो आणि दोन्हीकडच्या पांढऱ्या कागदावर ओघळतो. काळ्यावर उरतात ते मोहरीएवढे पिवळे थेंब. तुमचा हात रेषेवरून गेलेला असतो, रंग मात्र आपणहून बाजूला झालेला असतो, आणि कडेला त्याची किंचित दाट किनार साचते. कितीही सावकाश रंग भरा, अशी किनार हाताने येत नाही.

थेंबांचं काय करायचं? रेनकोट आहे, मी राहू दिले. नको असतील तर कुंचला पिळून त्याच्या टोकाने एकेक टिपा. आणि वॉशने काळ्यावरही थांबावं असं वाटत असेल तर पाण्यात ऑक्स गॉलचे, म्हणजे बैलाच्या पित्ताच्या द्रावणाचे, एक-दोन थेंब टाका, पाण्याचा ताण मोडतो.

तेलाच्या या स्वभावावर एक अख्खं तंत्र उभं आहे. इंग्रज छापचित्रकार स्टॅन्ली विल्यम हेटरने 1927 मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलेल्या, पुढे ‘एटेलिए 17’ नावाने ओळखल्या गेलेल्या कार्यशाळेत भारतीय छापचित्रकार कृष्णा रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विकसित केलं. एकाच धातूच्या प्लेटवर वेगवेगळ्या खोलीच्या पातळ्या कोरायच्या. एका शाईत तेल जास्त, दुसरीत कमी. एक रोलर कडक, तो वरवर फिरतो. एक मऊ, तो खाली खड्ड्यांत पोहोचतो. सैल शाईच्या जागी घट्ट शाई बसत नाही. त्यामुळे एकाच प्लेटवरून एकाच दाबात अनेक रंग शेजारीशेजारी छापले जातात. ते घरच्या टेबलावर करायचं काम नव्हे, पण आपल्या रेघेवरून पिवळा घसरताना दिसला की मला त्याची आठवण होते.

पहिला वॉश पूर्ण वाळल्यावर ग्वाश काढा. ग्वाश हा अपारदर्शक जलरंग, म्हणजे तो छापलेलं काळं परत घेऊ शकतो. कोरताना कॉलरखाली काळोख जास्त झाला होता, तिथे मी दाट पिवळ्या ग्वाशचे दोन फटकारे दिले. एक गोष्ट लक्षात ठेवा: काळ्यावर पातळ पिवळा हिरवट दिसतो. हे कळेपर्यंत मी ट्यूबला दोष देत होते. आता घड्यांच्या सावलीला वेगळा हिरवा मिसळतच नाही, काळ्याच्या कडेला पिवळा पातळ करून ओढते, शेवाळी छटा आपसूक येते.

ॲक्रिलिक भरीव, चकचकीत काळ्यावर नीट धरत नाही, पापुद्रा सुटतो. ते वापरायचंच असेल तर छापाखाली वापरा, वर नाही. ट्यूबमधला तैलरंग उघड्या कागदावर तर लावूच नका. भोवती तेलाचं पिवळट वलय पसरतं आणि काही वर्षांनी कागद तिथे ठिसूळ होतो.

क्रम उलटा केला तर

आधी रंग, मग छाप, हेही चालतं आणि काही चित्रांना तेच शोभतं. अमेरिकन चित्रकार वॉरहॉलने 1962 च्या ‘मॅरिलिन डिप्टिक’मध्ये कॅनव्हासवर आधी रंगाचे सपाट पट्टे दिले, वरून सिल्कस्क्रीनने, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई ढकलून, मॅरिलिन मन्रोचा काळा चेहरा छापला. ओठांचा रंग ओठांवर नेमका बसत नाही, आणि चित्राची सगळी अस्वस्थता त्या सरकलेपणात आहे.

आपल्याला कागदावर करायचं तर एक अडचण येते. जलरंग लावलेला कागद परत भिजवता येत नाही, डिंक सुटून रंग फुटतो. म्हणजे कोरड्या कागदावर छापणं आलं. शाईत जवसाच्या तेलाचे दोन-चार थेंब घालून ती थोडी सैल करा आणि चमचा जास्त वेळ फिरवा. ब्लॉक आणि कागद ठरल्या जागी यावेत म्हणून जाड पुठ्ठ्याचा काटकोन टेबलाला चिकटवा. ब्लॉक त्याच्या आतल्या कोपऱ्यात, कागद बाहेरच्या. तरी एखादा मिलिमीटर सरकेल. सरकू दे.

चित्रकार पॉल क्लेची पद्धत याहून साधी आहे आणि तिला ब्लॉकही लागत नाही. पातळ कागदाला काळा तैलरंग लावून ठेवायचा, थोडा आटू द्यायचा, मग तो तोंड खाली करून चांगल्या कागदावर ठेवायचा आणि वरून टोकदार वस्तूने चित्र काढायचं. कार्बन पेपरच म्हणा. रेघ खालच्या कागदावर किंचित काटेरी, मखमली उतरते, आणि जिथे मनगट टेकलं तिथे काळे डाग पडतात. सुकल्यावर वर जलरंग. 1922 चं ‘ट्विटरिंग मशीन’ असंच केलेलं आहे. नवशिक्यांना मी इथूनच सुरू करायला सांगते. टेकलेल्या मनगटाचे डाग पुसू नका, वॉशखाली तेच सर्वांत छान दिसतात.

दुसरी, फिकी प्रिंट

मला स्वतःला सर्वांत जास्त आवडणारं काम लिनोवर होत नाही, ते ॲक्रिलिकच्या गुळगुळीत शीटवर होतं. शीटच्या कडा पॉलिश पेपरने घासून बोथट करा, नाहीतर कागद कापला जाईल. पूर्ण शीटवर काळी तेलशाई पातळ लावा. मग चित्र काढू नका, पुसा. चिंधीने उजेडाची मोठी जागा, कापसाच्या काडीने कडा, कुंचल्याच्या उलट्या टोकाने एखादी रेघ. चुकलं तर परत रोलर. ओलसर कागद ठेवून दाब द्या. ही झाली मोनोप्रिंट, एकच प्रत.

पण शीट अजून धुवायची नाही. तिच्यावर थोडी शाई उरलेली असते. लगेच दुसरा ओलसर ताव ठेवा आणि दुप्पट जोराने दाबा. हाती येते ती राखाडी, धुक्यातली, अर्धवट प्रिंट. तिला घोस्ट म्हणतात. बरेच जण ती रद्दीत टाकतात. फ्रेंच चित्रकार देगाने 1870 च्या दशकाच्या मध्यापासून नेमक्या या फिक्या प्रतींवर पेस्टल चढवलं. नर्तिका, कॅफेतल्या गायिका, त्यांच्याखालची उजेडसावली आधीच छापून तयार, वरून रंगाचं काम फक्त. इंग्रज कवी-चित्रकार ब्लेकने 1795 च्या मोठ्या रंगीत छापांत एका रंगवलेल्या फळीवरून दोन-तीन प्रती काढल्या, प्रत्येक आधीपेक्षा विरळ, आणि उरलेलं जलरंग आणि पेनाने पुरं केलं. त्याच्या ‘न्यूटन’च्या एका प्रतीच्या कागदात 1804 चं जलचिन्ह आहे. म्हणजे तो जवळजवळ दहा वर्षांनी त्याच चित्राकडे परत आला होता.

घोस्टवर काम करताना कोऱ्या कागदाची भीती नसते आणि पूर्ण झालेल्या प्रिंटचा धाकही नसतो. तिच्यात मध्यम टोन भरलेला असतोच. तुम्ही फक्त दोन टोकं द्यायची: सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद. शाईचा थर इतका झिरझिरीत असतो की बहुधा दोन-तीन दिवसांत पट्टीची परीक्षा पास होते. मऊ पेस्टल त्यावर छान धरतं. फिक्सेटिव्ह, म्हणजे पेस्टल धरून ठेवणारा फवारा, अगदी हलकं मारा, जास्त झालं की पांढरे रंग विझतात. कोरलेल्या ब्लॉकांशिवाय एक रेनकोट मी असाही केला. त्याला पिवळा फक्त तीन ठिकाणी आहे.

नंबर आणि मार्जिन

सही पेन्सिलने, चित्राच्या खाली मार्जिनमध्ये: डावीकडे नंबर, मधे नाव, उजवीकडे सही. हाताने रंगवलेल्या प्रती एकसारख्या नसतात, तेव्हा नुसतं 3/8, म्हणजे आठांतली तिसरी प्रत, असं लिहिणं म्हणजे थाप. त्यापुढे ‘ई.व्ही.’ लिहितात, म्हणजे एकाच ब्लॉकच्या पण वेगवेगळ्या प्रती. मोनोप्रिंट किंवा रंगवलेली घोस्ट असेल तर 1/1.

फ्रेम करताना काच चित्राला टेकता कामा नये. मधे माउंटचा जाड पुठ्ठा हवाच, नाहीतर दमट दिवसांत ग्वाश काचेला चिकटतो. हे मी एका फ्रेमवाल्याला बजावून सांगितलं होतं. त्याने माउंट अगदी सुरेख बसवला, आणि त्यात नीट बसावं म्हणून खालचं मार्जिन सरळ कापून टाकलं, नंबर, नाव, सहीसकट. आता मी प्रत्येक प्रिंटच्या पाठीवर, वरच्या डाव्या कोपऱ्यात, हेच सगळं दुसऱ्यांदा लिहिते.